पत्ता यंत्राचा, दोष माणसाचा?

ई-मेल लिहिताना 'प्रति'च्या रकान्यात दोन-तीन अक्षरे टाकली की खाली नावांची यादी उघडते. त्यातले पहिले नाव आधीच उजळलेले असते. एन्टर किंवा टॅब दाबला की ते पूर्ण पत्त्यासह रकान्यात जाऊन बसते. या सोयीला ऑटोकम्प्लीट म्हणतात. कार्यालयांत 'नाव आपोआप येतं' एवढ्या शब्दांवर काम भागते. ई-मेलची जवळपास सगळी सॉफ्टवेअर ही सोय देतात आणि बहुतेकांत ती कोणी न मागताच सुरू असते. तिच्यामुळे पत्र भलत्याच माणसाकडे गेले की ठरलेले उत्तर मिळते: यंत्राने फक्त सुचवले, निवडले माणसाने; पाठवण्याआधी पत्ता तपासायला नको का? हे उत्तर ऐकायला रास्त वाटते. पण यादी कशी बनते, पडद्यावर काय दिसते आणि काय दडते, हे पाहिले की त्यातला रास्तपणा टिकत नाही.

यादीत वापरणाऱ्याने जाणूनबुजून नोंदवलेले संपर्क असतात. त्यांच्या जोडीला, ज्यांना कधीकाळी एकदाच पत्र गेले त्यांचेही पत्ते असतात. जीमेलमध्ये नव्या माणसाला पत्र पाठवले की त्याचा पत्ता 'इतर संपर्क' या कप्प्यात आपोआप जमा होतो आणि पुढच्या वेळी सुचवला जातो. आउटलुकची यादी एक हजार नोंदींपर्यंत वाढू शकते. एक हजार माणसांचे पत्ते आपण बाळगून आहोत, याची कल्पना वापरणाऱ्याला नसते. ते त्याने गोळा केलेलेच नसतात. यादीतला क्रम साधारणपणे वापरावरून लागतो. ज्याला वारंवार किंवा अलीकडे पत्र गेले, तो वर. याचा अर्थ असा की 'हे पत्र कोणासाठी आहे' हा प्रश्न यंत्राला पडलेलाच नसतो. ते 'आजवर पत्रे कोणाला जात होती' या दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर पुढे करते. दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा एक निघतात, म्हणून हात त्या यादीला सरावतो. ज्या दिवशी ती वेगळी निघतात त्या दिवशीही सरावलेला हात तसाच चालतो.

या प्रकारातली सर्वांत चांगली नोंद झालेली घटना ऑस्ट्रेलियातली आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिस्बेनला जी-२० देशांची शिखर परिषद भरली. परिषदेच्या आठवडाभर आधी, ७ नोव्हेंबरला, तिथल्या इमिग्रेशन खात्यातल्या एका कर्मचाऱ्याने परिषदेला येणाऱ्या ३१ नेत्यांची माहिती ई-मेलने धाडली. नाव, जन्मतारीख, पद, राष्ट्रीयत्व, पासपोर्ट क्रमांक, व्हिसाचा क्रमांक आणि प्रकार, असे सगळे त्यात होते. बराक ओबामा, व्लादिमीर पुतिन, अँगेला मर्केल, शी जिनपिंग आणि भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा त्या ३१ जणांत समावेश होता. पत्र जाऊन पडले आशियाई करंडक फुटबॉल स्पर्धेच्या संयोजन समितीतल्या एका व्यक्तीच्या खात्यात. इमिग्रेशन खात्याने गोपनीयता आयुक्तांना कळवताना कारण दिले: मानवी चूक, आउटलुकने आपोआप भरलेला पत्ता योग्य व्यक्तीचा आहे की नाही हे संबंधिताने तपासले नाही. ज्यांची माहिती गेली त्या नेत्यांना कळवण्याची गरज नाही, असेही खात्याचे मत पडले. प्रकरण बाहेर आले ते मार्च २०१५ मध्ये, 'द गार्डियन'ने माहिती अधिकाराखाली मिळालेली कागदपत्रे छापली तेव्हा.

खात्याने दिलेले कारण नीट वाचले तर त्यात दोन क्रिया सापडतात. पत्ता भरला सॉफ्टवेअरने. तपासला नाही माणसाने. चूक घडली पहिल्या क्रियेत, दुसऱ्या क्रियेत ती सुटली. तरीही निवाडा 'मानवी चूक' असाच झाला. कचेरीतल्या एकाने पाकिटावर चुकीचा पत्ता लिहिला आणि दुसऱ्याने तो न पाहता पाकीट टपालात टाकले, तर वरिष्ठ दोघांनाही विचारतील. इथे लिहिणाऱ्याला कोणी विचारत नाही, कारण तो एक प्रोग्रॅम आहे, आणि प्रोग्रॅम बनवणाऱ्याने 'आम्ही फक्त सुचवतो' असे म्हणून हात झटकले आहेत.

ही घटना अपवाद म्हणून बाजूला सारता येत नाही. ब्रिटनमधल्या माहिती आयुक्तांचे कार्यालय माहिती फुटल्याच्या घटनांची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते. सायबर हल्ल्याखेरीज घडणाऱ्या प्रकारांत 'चुकीच्या व्यक्तीला ई-मेल' हा प्रकार तिथे सातत्याने आघाडीवर असतो. त्यातली प्रत्येक चूक आपोआप भरलेल्या पत्त्यामुळेच होते असे नाही. पण याच कार्यालयाने संस्थांना दिलेल्या सल्ल्यात ही सोय बंद करण्याचा विचार करा असे सुचवले आहे, हे लक्षात घ्यायला हवे. सारा दोष माणसाचाच असता, तर सोय बंद करून काय साधणार होते?

आता 'तपासायला हवे होते' या मुद्द्याकडे. तपासायचे म्हणजे नेमके काय बघायचे? नाव निवडल्यावर बहुतेक प्रोग्रॅम पत्ता दाखवतच नाहीत. रकान्यात दिसते ते एका चौकटीतले नाव. पत्ता त्या नावाच्या मागे असतो. तो पाहायचा तर नावावर टिचकी मारावी लागते किंवा माउस तिथे नेऊन थांबावे लागते. डोळ्यांना अपेक्षित असलेले नाव डोळ्यांसमोर आहे, आणि तरीही माणूस दुसराच आहे, अशी स्थिती सॉफ्टवेअरनेच निर्माण केलेली असते. छापखान्यातले लोक जाणतात की लिहिणाऱ्याला स्वतःच्या मजकुरातल्या चुका दिसत नाहीत. म्हणून मुद्रितशोधन दुसऱ्याकडे दिले जाते. हाताने पत्ता लिहिताना लक्ष त्या पत्त्यावर असते, कारण तो अक्षर अक्षर घडवावा लागतो. यादीतून उचलताना लक्ष पुढच्या मजकुराकडे गेलेले असते. ही घाई माणसाचा दुर्गुण म्हणून सांगितली जाते. पण घाई व्हावी, वेळ वाचावा, यासाठीच तर ही सोय बनवली आहे. ज्या गोष्टीचे आश्वासन देऊन सोय पुरवली, तीच वापरणाऱ्याच्या माथी गुन्हा म्हणून मारायची, हा न्याय कुठला?

बचावाचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. हाताने पत्ता लिहिला तर टंकनाच्या चुका वाढतील, असे म्हणतात. वाढतील, यात शंका नाही. मराठी माणसाच्या बाबतीत तर जरा जास्तच, कारण नावे मराठी आणि पत्ते रोमन लिपीत. गावंडे 'डब्ल्यू'ने लिहायचे की 'व्ही'ने, वाशीमच्या पहिल्या अक्षराचे काय, देशमुखातल्या शेवटच्या 'ख'ला 'एच' लावला आहे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवलेले असते. पण दोन चुकांचे परिणाम सारखे नसतात. हाताने लिहिताना अक्षर चुकले तर असा पत्ता बहुधा अस्तित्वातच नसतो. पत्र पोचले नाही असा निरोप काही क्षणांत परत येतो आणि माहिती कोणाच्या हाती लागत नाही. यादीतून चुकीचा पत्ता उचलला तर तो बहुधा जिवंत असतो, कारण त्या पत्त्यावर पूर्वी पत्र गेलेले आहे. निरोप परत येत नाही. चूक झाली हेही पाठवणाऱ्याला कळत नाही.

टंकनाची चूक नेहमीच निरुपद्रवी असते असा दावा करण्याचे कारण नाही. जीमेलसारख्या अफाट खात्यांच्या सेवेत एक अक्षर बदलले तरी तो पत्ता कोणाचा तरी निघू शकतो. अमेरिकी लष्कराच्या पत्त्यांच्या शेवटी 'एम-आय-एल' ही अक्षरे असतात. मधला 'आय' गळला की पत्र पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या पत्त्याकडे जाते. अशी लाखो पत्रे वर्षानुवर्षे भरकटत होती, हे जुलै २०२३ मध्ये जगासमोर आले. त्यावर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दिलेले स्पष्टीकरण मात्र या चर्चेत फार उपयोगाचे आहे. लष्कराच्या अधिकृत खात्यातून मालीच्या पत्त्यावर पत्र निघाले तर ते बाहेर पडण्याआधीच अडवले जाते आणि पाठवणाऱ्याला पत्ता पुन्हा तपासायला सांगितले जाते, असे खात्याने म्हटले. थोडक्यात, जिथे धोका ओळखला गेला तिथे 'सांभाळून लिहा' एवढ्या उपदेशावर कोणी थांबले नाही. यंत्रालाच थांबून विचारायला लावले.

दोन चुकांत आणखी एक फरक आहे, आणि तो सर्वांत गंभीर आहे. टंकनाच्या चुकीने पत्र गेले तर ते अनोळखी माणसाकडे जाते. वाशीम जिल्ह्यातल्या धनज गावच्या एखाद्या शेतकऱ्याचे कर्जखाते, एखाद्या बाईचा दवाखान्यातला अहवाल चेन्नईतल्या अनोळखी माणसाच्या हाती पडला तर त्याला त्याचा अर्थही लागणार नाही. यादीतली चूक मात्र पाठवणाऱ्याच्या परिचयातल्याच माणसाकडे जाते. एका अशिलाचे कागद दुसऱ्या अशिलाकडे, एका कंत्राटदाराचे दरपत्रक त्याच्या स्पर्धकाकडे, भावकीच्या वादातल्या एका पक्षाची कागदपत्रे दुसऱ्या पक्षाकडे. हाती आलेल्या कागदाचे मोल ज्याला पुरेपूर कळते, नेमका त्यालाच हे यंत्र गाठते.

हे धनज इथे उदाहरण म्हणून घेण्यासारखे आहे. कारंजा तालुक्यातल्या या गावाचे पूर्ण नाव धनज बुद्रुक. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला; तोवर गावाच्या पत्त्यात जिल्हा अकोला लिहिला जाई. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, नेर तालुक्यात, माणिकवाडा-धनज आहे. तालुक्याच्या गावाची गत आणखी अवघड. वाशीम जिल्ह्यातले कारंजा लाड आणि वर्धा जिल्ह्यातले कारंजा घाडगे, दोन्ही तालुक्याची ठिकाणे, दोन्ही विदर्भात, आणि रोजच्या बोलण्यात दोन्ही नुसती 'कारंजा'. कार्यालयांचे ई-मेल पत्ते अनेकदा पदनाम आणि गाव यांच्या जोडीने बनतात. नागपूर किंवा पुण्यातल्या बँकेच्या अथवा विमा कंपनीच्या कचेरीतून दोन्ही कारंजांशी पत्रव्यवहार होत असेल, तर 'के-ए-आर' ही तीन अक्षरे टाकल्यावर वर कोणते कारंजा येईल, हे त्या महिन्यात कोणाशी जास्त पत्रव्यवहार झाला यावर ठरते. पीकविम्याची यादी कोणत्या गावाची आहे, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

ही अडचण टपाल खात्याने पन्नास वर्षांपूर्वी ओळखली होती. देशभर एकाच नावाची गावे, पत्ते लिहिणाऱ्यांच्या निरनिराळ्या लिप्या, वेडेवाकडे अक्षर, यांतून पत्रांची वाट चुकत असे. केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी त्यावर पिनकोडाची योजना मांडली आणि १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती अमलात आली. वेलणकर कोकणातले, संस्कृतचे नामवंत पंडित आणि नाटककार. सहा अंकांतला पहिला अंक विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल वेगळे करण्याचा जिल्हा सांगतात. कारंजा लाडचा पिन ४४४१०५, कारंजा घाडगेचा ४४२२०३. तिसऱ्याच अंकाला दोन्ही गावे वेगळी झाली. टपाल खात्याने पत्ता लिहिणाऱ्याकडून सहा अंक जास्तीचे मागितले आणि कोट्यवधी लोकांनी ते लिहिण्याची सवय लावून घेतली. ई-मेलच्या सोयीने उलटी दिशा धरली. पत्ता मुळात एकमेवच असतो, तिने मात्र त्याचा दोन अक्षरांवरून अंदाज बांधायला सुरुवात केली.

माणसांच्या नावांबाबत हेच घडते. महाराष्ट्रात नाव तीन पदरी असते: स्वतःचे, वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि आडनाव. वाशीम-यवतमाळच्या पट्ट्यात राठोड, चव्हाण, जाधव, पवार ही आडनावे गावोगाव आहेत. एकाच तालुक्यात एकच नाव-आडनाव असलेली अनेक माणसे सहज निघतात. त्यांना वेगळे करतो तो मधला शब्द. मतदारयादी असो, सातबारा असो, शाळेचा दाखला असो, वडिलांच्या नावावाचून माणूस ओळखला जात नाही. राज्य सरकारने तर १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत आईचे नावही सक्तीचे केले, म्हणजे ओळखीचा आणखी एक पदर जोडला. ई-मेल खाते उघडताना मात्र पहिले नाव आणि आडनाव, एवढे दोनच रकाने समोर येतात. मधले नाव गळते. यादीत मग दोन संतोष राठोड एकाखाली एक दिसतात, आणि त्यांपैकी ग्रामपंचायतीचा कोण आणि ट्रॅक्टरच्या दुकानातला कोण, हे नावावरून सांगता येत नाही. ज्या समाजात नावे कमी आणि माणसे जास्त, तिथे ही सोय जास्त धोक्याची ठरते, याचा विचार ती बनवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

गावपातळीवरच्या कामाची रीत हा धोका वाढवते. सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसलेला चालक एकाच खात्यातून दिवसभर निरनिराळ्या लोकांची कागदपत्रे पाठवतो: आधारची प्रत, पासबुकाचे पहिले पान, जातीचा दाखला, आठ-अ. त्याच्या खात्यातली यादी म्हणजे साऱ्या पंचक्रोशीची यादी असते. कार्यालयांत बदल्या होतात. अधिकारी जातो, पण कामासाठी वापरलेला त्याचा खासगी पत्ता तालुक्यातल्या प्रत्येक संगणकाच्या यादीत राहतो, आणि तीन वर्षे वापरात असल्यामुळे नव्या अधिकाऱ्याच्या वरही राहतो. बदली होऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या माणसाकडे लाभार्थ्यांच्या खाते क्रमांकांची एक्सेल फाईल पोचणे, हे या रचनेतून सहज घडणारे आहे. एक फाईल म्हणजे एक गाव, हे विसरता कामा नये. कागदाच्या काळात एक पाकीट चुकले तर एका घराची माहिती चुकत असे.

त्या कागदी काळात कार्यालयातून पत्र बाहेर पडण्याचा मार्गही असा एकाच माणसाच्या बोटाखाली नव्हता. मसुदा एकाने करायचा, सही दुसऱ्याने, आणि जावक लिपिकाने नोंदवहीत क्रमांक टाकून, पत्ता लिहून, स्थळप्रत ठेवून ते रवाना करायचे. या पद्धतीला दिरंगाईसाठी नावे ठेवली गेली आणि त्यांपैकी बरीच रास्त होती. पण पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या पत्राचा मायना जुळतो की नाही, हे पाहणारा एक दुसरा डोळा तिथे होता. चुकून दुसऱ्याच्या हाती पडलेले पाकीटही बंद असे, पोस्टमन ते परत नेई, आणि दुसऱ्याचे टपाल कपटाने दडवून ठेवणे १८९८ च्या टपाल कायद्याखाली गुन्हा होता. ई-मेलने जावक लिपिक काढून टाकला. त्याच्या जागी जे आले ते तपासणीचे काम करत नाही, उलट पत्ता भरण्याचेच काम करते. जुन्या पद्धतीतला वेळकाढूपणा गेला याचे दुःख कोणी करू नये. पण तिच्यातली एकमेव उपयोगी पायरीही त्याबरोबर फेकली गेली, हे मान्य करायला हवे.

पाठवण्यापूर्वी यंत्राने एकदा विचारावे, अशी सूचना केली की आक्षेप येतो: लोकांना जास्तीची पायरी सहन होत नाही, ते न वाचताच 'होय' दाबतात. भारतात तरी हा आक्षेप टिकत नाही, कारण पैशाच्या बाबतीत देशाने ही पायरी स्वीकारली आहे. यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचे नाव पडद्यावर येते आणि धनजच्या किराणा दुकानात उभा असलेला गिऱ्हाईकही ते वाचून दुकानदाराला विचारतो, 'हे नाव तुमचंच ना?' ३० जून २०२५ पर्यंत सर्व यूपीआय ॲपनी पैसे घेणाऱ्याचे बँकेच्या नोंदीतलेच नाव दाखवावे, मोबाइलमध्ये साठवलेले किंवा स्वतः ठेवलेले टोपणनाव दाखवू नये, असा आदेश राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने दिला. आरटीजीएस आणि एनईएफटीने रक्कम पाठवणाऱ्याला खातेदाराचे नाव आधी पडताळता यावे, यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना १ एप्रिल २०२५ ची मुदत घातली. या दोन्ही निर्णयांमागे एकच समज आहे: पाठवणाऱ्याच्या संग्रहातले नाव पुरेसे नाही, घेणारा खरोखर कोण आहे हे यंत्रणेने दाखवले पाहिजे. पन्नास रुपयांच्या तेलाच्या पुड्याला जे संरक्षण आहे, ते पन्नास लोकांच्या आधार क्रमांकांना नाही. चुकलेले पैसे निदान परत मागता येतात. वाचली गेलेली माहिती परत घेता येत नाही.

'परत घेता येते' असेही काही जण सांगतात. जीमेलमध्ये पाठवलेले पत्र रद्द करण्याची मुदत ५ सेकंदांपासून जास्तीत जास्त ३० सेकंदांपर्यंत आहे. आउटलुकमधली परत बोलावण्याची सोय एकाच संस्थेच्या आतल्या खात्यांपुरती चालते. पत्र बाहेर गेले की ती निरुपयोगी. पत्राखाली छापलेली 'हे पत्र चुकून आले असल्यास नष्ट करावे' ही विनंती तर वाचून झाल्यावरच वाचली जाते. या उपायांवर अधिक शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

शेवटचा बचाव असा: ज्याला नको त्याने बंद करावे. सोयीचा स्वभाव इथेच नीट उघड होतो. जीमेलमध्ये नवे पत्ते आपोआप जमा होणे थांबवता येते, पण सुचवणे पूर्णपणे बंद करण्याचे साधे बटण नाही. आउटलुकमध्ये बंद करता येते, पण तो पर्याय मेनूच्या तिसऱ्या-चौथ्या थरात आहे. याहून बोलकी गोष्ट दुसरी आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज प्रणालीत 'हे पत्र संस्थेबाहेरच्या व्यक्तीला जात आहे' अशी सूचना देण्याची सोय २०१० च्या आवृत्तीपासून आहे, आणि ती मुळात बंद ठेवलेली असते. प्रशासकाने मुद्दाम सुरू करावी लागते. गुगलने तर २००९ मध्येच जीमेलच्या प्रयोगशाळा विभागात 'चुकीचा बॉब निवडला का?' अशा अर्थाच्या नावाची सोय आणली होती. नेहमी एकत्र पत्र जाणाऱ्या मंडळींत एखादे वेगळेच नाव शिरले, तर ती ओळखून योग्य नाव सुचवत असे. पत्ते सुचवण्यातून चुकीचा माणूस निवडला जातो, हे बनवणाऱ्यांना तेव्हापासून ठाऊक आहे आणि तो ओळखण्याचे तंत्रही हाताशी आहे. तरीही अंदाज बांधणारा भाग सर्वत्र चालू, आणि सावध करणारा भाग बंद किंवा ऐच्छिक. काय चालू ठेवायचे आणि काय बंद, हे बनवणाऱ्याने ठरवलेले असते. त्या निर्णयाची जबाबदारी वापरणाऱ्यावर ढकलता येणार नाही.

ही सोय समूळ नष्ट करा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हात थरथरणारे वृद्ध, दृष्टी अधू असलेली माणसे, रोमन अक्षरे जेमतेम ओळखणारे लोक यांना तिचा खरा आधार आहे. घरच्या चार माणसांना फोटो पाठवताना ती राहिली तर बिघडत नाही. प्रश्न दुसऱ्यांची माहिती बाळगणाऱ्या खात्यांचा आहे: तहसील, पंचायत समिती, बँक, दवाखाना, शाळा, वकील, सेवा केंद्र. तिथे यंत्राने फक्त जाणूनबुजून नोंदवलेल्या संपर्कांतूनच सुचवावे, नावाबरोबर पूर्ण पत्ता ठळक दाखवावा, पहिली नोंद आपोआप उजळू नये, आणि संस्थेबाहेर फाईल जोडून पत्र निघत असेल तर थांबून विचारावे. यातली एकही गोष्ट तंत्रज्ञानाला अवघड नाही.

कायद्यानेही आता 'चुकून झाले' ही पळवाट ठेवलेली नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये माहिती फुटण्याची जी व्याख्या आहे तिच्यात माहिती अपघाताने उघड होणेही येते. असे घडले तर माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती गेली त्या प्रत्येकाला कळवावे लागेल. ३१ नेत्यांना अंधारात ठेवण्याचा ऑस्ट्रेलियातला मार्ग इथे मोकळा नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनुसार या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतात. अशा वेळी 'लिपिकाने पत्ता तपासला नाही' एवढे सांगून कार्यालयप्रमुखाची सुटका होऊ नये. ज्या प्रोग्रॅमने पत्ता भरला तो कार्यालयाने निवडला, त्याच्या मूळ सेटिंगला हात न लावता वापरला, आणि धोक्याची सूचना देणारे बटण बंदच ठेवले, याचीही विचारणा व्हायला हवी.

जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या प्रत्येक कार्यालयाने, बँकेने आणि सेवा केंद्राने त्या तारखेची वाट पाहू नये. क्लासिक आउटलुकमध्ये फाईल, ऑप्शन्स, मेल या मार्गाने गेल्यावर पत्ते सुचवण्यापुढची खूण काढता येते आणि तिथेच साठलेली यादी रिकामी करता येते. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'संपर्क मी स्वतः जोडेन' हा पर्याय आहे. संस्थेबाहेरच्या पत्त्यांची सूचना प्रशासकाला एका आज्ञेने सुरू करता येते. तिन्ही कामांना पैसा लागत नाही आणि मंत्रालयाची परवानगीही लागत नाही.